निवड कोणाची होणार? अंदाज सांगणारं मशीन आणि पालवणकर बाळू

आयपीएलचा लिलाव जवळ आला की आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये एकच खेळ सुरू होतो. कोणता संघ कोणाला घेणार, कोण कितीला जाणार, कोण न विकला जाता राहणार. लिलाव संपला की ज्याचे अंदाज जास्त बरोबर आले तो आठवडाभर कॉलर ताठ करून फिरतो.

अमेरिकेत हाच खेळ फार मोठ्या प्रमाणावर चालतो. तिथल्या एनएफएल या फुटबॉल लीगमध्ये ३२ संघ आहेत. हे फुटबॉल आपलं पायाने खेळायचं नाही, अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावायचं. दरवर्षी कॉलेजमधून येणारे नवे खेळाडू हे संघ पाळीपाळीने निवडतात. एकूण ७ फेऱ्या होतात आणि आदल्या मोसमात सगळ्यात मागे राहिलेल्या संघाला साधारणपणे पहिली निवड मिळते. याला म्हणतात ड्राफ्ट. ड्राफ्टच्या आधी लोक आपापल्या अंदाजाची यादी करतात, तिला म्हणतात मॉक ड्राफ्ट. हल्ली हे काम कॉम्प्युटरकडूनही करून घेतात. खेळाडूची उंची, वजन, पळण्याचा वेग, कॉलेजमधले आकडे, सगळं मशीनमध्ये टाकायचं आणि अंदाज काढायचा.

पण २००० सालच्या ड्राफ्टमध्ये टॉम ब्रेडी नावाच्या एका पोराचा नंबर लागला थेट १९९ वा. त्याच्या आधी १९८ जण निवडले गेले. पुढे या माणसाने ७ वेळा सुपर बोल, म्हणजे तिथला सर्वात मोठा किताब जिंकला.

आता नीट बघा. त्या दिवशी एखाद्या मशीनने ब्रेडी खूप मागे निवडला जाईल असं सांगितलं असतं, तर ते मशीन बरोबर ठरलं असतं. पण खेळाडू म्हणून ब्रेडी कसा आहे हे मात्र त्याला अजिबात कळलेलं नसतं. कोण निवडला जाईल आणि कोण निवडला जावा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आजचा लेख या फरकाबद्दल आहे. आणि तो समजून घ्यायला आपल्याला अमेरिकेत जायची गरज नाही. आपल्याच महाराष्ट्रात एक माणूस होऊन गेला, ज्याचं सगळं आयुष्य या दोन प्रश्नांच्या मधल्या फटीत गेलं. त्यांचं नाव पालवणकर बाळू.

माझं मशीन

आधी माझी गोष्ट सांगतो, कारण बाळूंपर्यंत मी तिथूनच पोचलो.

मी पिंपळगाव राजाचा. बुलढाणा जिल्हा, खामगाव तालुका. आमच्याकडे दिवाळीनंतर, सोयाबीन निघून वावरं मोकळी झाली की टेनिस बॉलचे सामने सुरू होतात. आजूबाजूच्या गावांच्या स्पर्धेत आमच्या गावाचा एक संघ जातो. त्यात कोण जाणार यावर पोट्ट्यांमध्ये आधी महिनाभर चर्चा चालते.

दोन वर्षांपूर्वी मी ठरवलं की आपण हे शास्त्रशुद्ध करू. फोनवर गूगल शीट्स उघडलं. मागच्या तीन वर्षांत खेळलेल्या प्रत्येक पोराची एक ओळ केली. कॉलम केले: रन, विकेट, झेल, वय, कोणत्या मैदानावर खेळतो, आणि मागच्या वर्षी संघात होता का. शेवटचा कॉलम होता, निवड झाली की नाही.

मग प्रत्येक कॉलमला गुण द्यायला सुरुवात केली. विकेटला इतके, रनला इतके. बेरीज करून पहिले ११ काढायचे आणि खऱ्या संघाशी ताडून बघायचे. जुळत नसेल तर गुण थोडे कमी-जास्त करायचे आणि पुन्हा बघायचं. मित्रांनो, मशीन लर्निंग म्हणजे मुळात हेच. मी जे हाताने दोन रात्री बसून केलं, तेच कॉम्प्युटर काही क्षणांत लाखो वेळा करतो. ज्या कॉलमवरून अंदाज काढतो त्यांना फीचर म्हणतात. जे ओळखायचं आहे, म्हणजे शेवटचा कॉलम, त्याला लेबल म्हणतात. आणि जुन्या नोंदींना ट्रेनिंग डेटा.

त्या वर्षी माझ्या ११ पैकी ९ नावं बरोबर आली. मी लय खुश झालो. संघ निवडणाऱ्या मोठ्या मंडळींनाही शीट दाखवलं. पुढच्या वर्षी निवडीच्या आधी त्यांनी माझ्याकडून ते स्वतः मागून घेतलं.

आमच्या गावात एक डावखुरा पोरगा आहे. नाव सांगत नाही. नाल्यापलीकडच्या वस्तीत राहतो, तिथल्याच मैदानावर खेळतो. त्याचा चेंडू पडल्यावर कुठे वळेल ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. त्या वर्षी त्याचं नाव यादीत नव्हतं. तसं ते कधीच नसायचं. पण या वेळी त्याने विचारलं तेव्हा त्याला उत्तर मिळालं की कॉम्प्युटरनेच तसं सांगितलंय.

तो कॉम्प्युटर म्हणजे मी बनवलेलं शीट.

रात्री घरी येऊन मी शीट उघडलं आणि पहिल्यांदा नीट पाहिलं. सगळ्यात जास्त गुण दोन कॉलमना होते: मागच्या वर्षी संघात होता का, आणि कोणत्या मैदानावर खेळतो. विकेटला त्याहून कितीतरी कमी. माझ्या मशीनला क्रिकेट कळतच नव्हतं. त्याला निवडणाऱ्यांची सवय कळली होती. कुठं चुकलं हे शोधताना, वाचता वाचता मी शंभर वर्षं मागे गेलो आणि बाळू भेटले.

तीन रुपयांची नोकरी

पालवणकर बाळूंचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. कुटुंब मूळचं कोकणातल्या पालवण गावचं, म्हणून आडनाव पालवणकर. समाज चर्मकार. त्या काळात याचा अर्थ होता अस्पृश्य. वडील लष्करात नोकरीला होते आणि कुटुंब पुण्यात राहत होतं. साहेबांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम क्रिकेट शिकले.

शाळा लवकर सुटली. पहिली नोकरी पुण्यातल्या पारशी लोकांच्या एका क्रिकेट क्लबात लागली. काम खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, आणि सभासदांना सराव हवा असेल तेव्हा चार चेंडू टाकायचे. पगार महिन्याला ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते इंग्रजांच्या पूना क्लबात गेले. तिथे ४ रुपये मिळू लागले. नेट लावायचं, पिच आखायची, टेनिस कोर्टावर रेघा मारायच्या, आणि साहेबांना बॉलिंग करायची.

त्या क्लबात जे. जी. ग्रेग नावाचे एक लष्करी अधिकारी होते. त्या काळात हिंदुस्थानात खेळणाऱ्या इंग्रजांमध्ये ते फार मोठे बॅट्समन मानले जात. ग्रेग इतरांच्या आधी मैदानावर येत आणि बाळूंच्या डावखुऱ्या फिरकीवर एकट्याने सराव करत. असं सांगतात की आपल्याला आउट केलं की दर वेळी ते बाळूंना ८ आणे देत. महिन्याला ४ रुपये मिळवणाऱ्या पोराला एका विकेटचे ८ आणे! अशाने हजारो चेंडू टाकून बाळूंची बॉलिंग धारदार झाली.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. या सगळ्या काळात बाळूंच्या हातात नेटमध्ये कोणी बॅट दिली नाही. बॅटिंग साहेबांची, बॉलिंग नोकराची. म्हणजे बाळूंच्या नावासमोर बॅटिंगचा कॉलम रिकामाच राहणार होता. त्यांना येत नव्हतं म्हणून नाही. कोणी संधीच दिली नव्हती म्हणून.

पहिली निवड

पुण्यातल्या हिंदूंचाही एक क्रिकेट क्लब होता आणि त्यांना इंग्रजांना हरवायचं होतं. इंग्रजांच्या क्लबात एक पोरगा ग्रेग साहेबाला गुंडाळतो, ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली. त्याला घ्यायचं का? वाद झाला. काही जण म्हणत होते जिंकायचं असेल तर घ्या. काही जणांना त्याने शिवलेला चेंडू हातात घ्यायचाच प्रश्न होता. शेवटी जिंकायची इच्छा मोठी ठरली आणि बाळू संघात आले.

मैदानावर चेंडू सगळ्यांच्या हातातून फिरत होता. चहाची वेळ झाली की बाकीचे आत बसून कपबशीतून चहा पीत. बाळूंना मात्र बाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यातून. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या टेबलावर. विकेट घ्यायच्या त्यांनी आणि जेवायला बाहेर बसायचंही त्यांनीच.

तरी विकेट बोलत राहिल्या. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्या माणसांनी त्यांचं जाहीर कौतुक केलं, आणि त्याची पुण्यात चर्चा झाली.

मुंबई, आणि १९०६ चा सामना

१८९६ मध्ये प्लेगची साथ सुरू झाली. पालवणकर कुटुंब मुंबईला आलं. बाळू बी.बी. अँड सी.आय. रेल्वेत लागले. तिथे त्यांना हिंदू जिमखान्याचं दार उघडलं, पण तेही वादावादीनंतरच.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. राज्य करणारे एका बाजूला, ज्यांच्यावर राज्य चाललंय ते दुसऱ्या बाजूला. हिंदूंनी तो १०९ धावांनी जिंकला. बाळूंनी दोन्ही डावांत मिळून ८ विकेट काढल्या. शिवरामही त्या संघात होते. स्वदेशी चळवळीचे दिवस होते, त्यामुळे हा विजय नुसता क्रिकेटचा राहिला नाही. सुधारक मंडळी उघड विचारू लागली की ज्याच्यासोबत खेळून जिंकता त्याच्यासोबत जेवायला काय हरकत आहे?

१९०७ पासून पारशी संघही आला आणि तिरंगी स्पर्धा झाली. १९१२ मध्ये मुस्लिम संघ आला आणि ती चौरंगी झाली. त्या काळची ही आयपीएलच समजा.

१९११: इंग्लंडचा दौरा

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा पहिला निवडलेला संघ इंग्लंडला गेला. त्यात बाळू होते, शिवरामही होते. संघाने मार खाल्ला. एकूण २३ सामन्यांपैकी ६ जिंकले आणि १५ हरले.

पण बाळूंचे आकडे बघा. दौऱ्यात ११४ विकेट, सरासरी १८.८४. त्यातल्या प्रथम श्रेणीच्या विकेट ७५. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावा देऊन ८ विकेट. वय पस्तिशीचं, खांदा दुखत होता, पिच अनोळखी, थंडी वेगळी. आणि हे सगळं एका हरणाऱ्या संघाकडून.

परत आल्यावर मुंबईत त्यांचा सत्कार झाला. दलित समाजाने केलेल्या त्या कार्यक्रमामागे एक तरुण विद्यार्थीही होता, भीमराव आंबेडकर. आपल्यातला एक माणूस इंग्लंडमध्ये जाऊन इंग्रजांच्याच खेळात त्यांना भारी पडतो, हे त्या पिढीसाठी काय असेल ते तुम्हीच समजा.

आता मशीनला विचारू

इथे थोडं थांबू. आपण असं धरू की १९१२ साली आपल्याकडे फोन आहे, शीट आहे, आणि हिंदू संघाचा पुढचा कर्णधार कोण याचा अंदाज काढायचा आहे. तुम्ही काय कराल?

बॉलिंगच्या आकड्यांत बाळू सगळ्यात वर. अनुभव सगळ्यात जास्त. मोठ्या सामन्यांत विकेट. तुम्ही म्हणाल, बाळू. पण मशीनला जुना डेटा दिला तर ते म्हणेल, नाही. आणि मशीन बरोबर ठरेल. १९१२ ला बरोबर, १९१३ ला बरोबर, त्याच्या पुढच्या वर्षीही बरोबर. दरवर्षी कर्णधार दुसराच कोणीतरी. बराच काळ ते पद एम. डी. पै यांच्याकडे होतं, आणि या जागेवर बाळूंचा हक्क आहे असं खुद्द पैंचं मत होतं!

ज्या मशीनचा अंदाज दरवर्षी बरोबर येतो त्याला आपण हुशार म्हणतो. पण इथे ते मशीन फक्त अन्याय पाठ करून सांगतंय. शंभर टक्के अचूक, आणि शंभर टक्के चुकीचं.

तुम्ही म्हणाल, सोपं आहे, जातीचा कॉलम काढून टाका. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण काढून बघा काय होतं ते.

एक, नोकरीचा कॉलम आहे. खेळपट्टी झाडणारा कोण, हे त्या काळात जातीवरूनच ठरत होतं. जात काढली तरी नोकरीतून ती परत आत येते. अशा आडून सांगणाऱ्या खुणेला प्रॉक्सी म्हणतात. माझ्या शीटमध्ये जातीचा कॉलम नव्हताच. पण मैदानाचा होता, आणि आमच्या गावात मैदान सांगितलं की वस्ती कळते.

दोन, बॅटिंगचा कॉलम. नेटमध्ये बॅट हातात मिळाली नाही, म्हणून आकडे कमी. आकडे कमी, म्हणून तो पूर्ण खेळाडू नाही. मशीनला न मिळालेली संधी आणि नसलेलं कौशल्य यांतला फरक कळत नाही. दोन्ही ठिकाणी त्याला लहान आकडाच दिसतो.

तीन, नेतृत्वाचा अनुभव. कर्णधार व्हायला अनुभव हवा. बाळूंना अनुभव शून्य, कारण कोणी कर्णधार केलंच नाही. अनुभव नाही म्हणून संधी नाही, आणि संधी नाही म्हणून अनुभव नाही. हे चक्र फिरत राहतं. मशीन त्या चक्राला वरून एक शिक्का मारतं. याला फीडबॅक लूप म्हणतात.

हे फक्त जुन्या काळातलं नाही. २०१८ मध्ये रॉयटर्सने बातमी दिली की ॲमेझॉन कंपनीने नोकरीसाठी आलेले अर्ज तपासायला एक मशीन बनवलं होतं. त्याला १० वर्षांचे जुने अर्ज शिकवले होते, आणि ते बहुतेक पुरुषांचे होते. मशीनने शिकून घेतलं की पुरुष बरे. अर्जात महिलांच्या एखाद्या संघाचा किंवा क्लबचा उल्लेख आला की ते गुण कमी करायचं. शेवटी कंपनीने तो प्रयोग बंद केला. शंभर वर्षांपूर्वीच्या जिमखान्यात जे झालं, तेच इथे कोडमध्ये झालं.

१९२०: खेळायला नकार

मग हे चक्र तुटलं कसं?

१९२० च्या चौरंगी स्पर्धेत बाळूंना आधी संघातूनच वगळलं. त्यांचं वय तेव्हा ४४ होतं. पै सुरुवातीला उपलब्ध नव्हते, तर कर्णधारपदही पालवणकर भावांना डावलून दुसऱ्याला दिलं. तोपर्यंत धाकटा भाऊ विठ्ठल हा संघाचा मोठा बॅट्समन झाला होता. विठ्ठल आणि शिवराम यांनी ठरवलं की आपण खेळायचं नाही. का खेळणार नाही तेही त्यांनी लोकांसमोर मांडलं. गुणावर निवड करा, जातीवर नको, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

यात धोका केवढा होता बघा. संघाने त्यांना कायमचं बाहेर काढलं असतं तर? आयुष्यभर मेहनत करून मिळवलेली जागा एका नकारात गेली असती. पण लोक त्यांच्या बाजूने बोलू लागले. अंतिम सामन्याला पै कर्णधार म्हणून परत आले, तिघे भाऊ संघात आले, आणि बाळूंना उपकर्णधार केलं गेलं. सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ बाळूंनी संघ चालवला.

एवढंच. आपल्या काळातल्या सगळ्यात मोठ्या बॉलरला नेतृत्व मिळालं ते काही वेळापुरतं, दुसऱ्याने जागा करून दिली म्हणून.

पण १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. आणि त्यांच्या संघाने युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली. पुढे विठ्ठल यांनी मराठीत आत्मचरित्र लिहिलं, त्यामुळे या भावांची कहाणी आपल्यापर्यंत पोचली.

१९२२ पर्यंतचा डेटा शिकलेल्या कोणत्याही मशीनने सांगितलं असतं की विठ्ठल कर्णधार होणार नाहीत. ते मशीन चुकलं असतं. कारण डेटामध्ये विकेट होत्या, रन होते, आडनावं होती, पण दोन भावांचा नकार नव्हता. तो आधी कधी घडलाच नव्हता.

मैदानानंतर

बाळूंच्या कारकिर्दीचे एकूण आकडे असे: प्रथम श्रेणीचे ३३ सामने, १७९ विकेट, सरासरी १५.२१. हिंदुस्थान पहिला कसोटी सामना १९३२ साली खेळला. तेव्हा बाळू ५६ वर्षांचे होते. त्यामुळे कसोटीच्या यादीत त्यांचं नाव नाही, आणि तुम्ही एखाद्या ॲपवर भारताचे मोठे स्पिनर शोधले तर बहुतेक तिथेही दिसणार नाही.

पुढे ते राजकारणात आले. १९३२ च्या पुणे कराराच्या वेळी ते गांधीजींच्या बाजूच्या दलित नेत्यांमध्ये होते आणि त्या करारावर त्यांची सही आहे. १९३७ मध्ये मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना उभं केलं, तेही डॉ. आंबेडकरांविरुद्ध. ज्या तरुणाने कधीकाळी त्यांचा सत्कार केला, तोच आता समोर. आंबेडकरांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. बाळू हरले. त्यांचा मार्ग आंबेडकरांच्या मार्गापेक्षा वेगळा होता आणि त्यावर आजही लोक वाद घालतात. ते मी लपवत नाही. माणूस मोठा होता म्हणून त्याची प्रत्येक निवड आपल्याला पटलीच पाहिजे असं नाही.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचं निधन झालं. लगान सिनेमातला कचरा पाहताना पुष्कळांना बाळू आठवतात. पण कचऱ्याला एका सामन्यात न्याय मिळाला. बाळूंना वीस वर्षं बॉलिंग टाकूनही पुरता मिळाला नाही.

तर आपण काय करायचं?

अंदाज सांगणारी ॲप वाईट असतात असं मी म्हणत नाही. लिलावाचे अंदाज मी अजूनही बांधतो. पण कोणतंही मशीन तुमच्याबद्दल किंवा दुसऱ्या कोणाबद्दल निकाल देत असेल, मग ते कर्ज असो, नोकरी असो की कॉलेजचा प्रवेश, तर चार गोष्टी विचारा.

१. हे मशीन नक्की काय ओळखतंय? माणसाची लायकी, की आधीच्या लोकांनी घेतलेले निर्णय?

२. डेटामध्ये कोण नाही? ज्यांना संधीच मिळाली नाही त्यांचे आकडे कुठून येणार?

३. कोणता कॉलम आडून दुसरंच काही सांगतोय? पिनकोड, आडनाव, शाळेचं नाव, मैदान?

४. अंदाज निर्णय म्हणून वापरला जातोय का? होणार नाही आणि होऊ नये, यातला फरक कोणी पुसतंय का?

मी माझं शीट बदललं. आता त्यात दोन शेवटचे कॉलम आहेत: निवडला जाईल, आणि निवडला जावा. दुसऱ्या कॉलमसाठी जुना डेटा चालणार नव्हता, म्हणून नवा गोळा केला. यंदा दिवाळीनंतर आम्ही सगळ्यांना एकाच मैदानावर बोलावलं. प्रत्येक बॉलरने २४ चेंडू टाकायचे, समोर तेच तीन बॅट्समन, तोच चेंडू, तीच पिच. सगळं फोनवर रेकॉर्ड केलं, म्हणजे नंतर कोणी नाही म्हणायला नको.

नाल्यापलीकडचा तो पोरगा येईल की नाही याची मला खात्री नव्हती. मी त्याच्या घरी गेलो, आणि मागच्या वर्षी जे झालं ते माझ्या शीटमुळे झालं हे त्याला सांगितलं. तो काही बोलला नाही. पण आला. सगळ्यात शेवटी आला आणि २४ चेंडू टाकून लगेच निघून गेला. त्या २४ चेंडूंत त्याने ७ वेळा आउट केलं. दुसऱ्या नंबरच्या बॉलरने ४ वेळा.

ते आकडे आणि व्हिडिओ मी निवडणाऱ्या मंडळींना दिलेत. त्यांनी बघतो म्हटलंय. निवड येत्या रविवारी आहे. पहिला कॉलम अजूनही त्याच्या नावासमोर नाही असंच दाखवतोय, आणि आजवर तो कॉलम फारसा चुकलेला नाही. या वेळी तो चुकावा असं मला वाटतंय.